वाचनासाठीचे अनुदान : अर्जाच्या आधी ठराव

ताई, आपण शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष या नात्याने विचारले आहे की, बीड जिल्ह्यातल्या आपल्या वस्तीवरच्या चौथीपर्यंतच्या जिल्हा परिषद शाळेत पटावर 28 मुले आहेत, बहुतेकांचे आईवडील ऊसतोडीला जातात, तिसरीतल्या निम्म्या मुलांना धड वाचता येत नाही, तर यासाठी सरकारी अनुदान मिळते का आणि अर्ज कोणाकडे करायचा. या भागात केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारा अधिकारी म्हणून, बरीच वर्षे काम केले असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

अनुदान आहे, पण ते एकेका शाळेने अर्ज करून मिळवायचे नसते. 2018-19 पासून सुरू असलेल्या, शालेय शिक्षणासाठीच्या समग्र शिक्षा योजनेत केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के असतो. शाळांनी यू-डायसवर (शाळांची माहिती गोळा करणारी सरकारी ऑनलाइन प्रणाली) भरलेली माहिती आणि जिल्ह्यांचे वार्षिक आराखडे यांवरून राज्याचा आराखडा तयार होतो, त्याला केंद्राची मंजुरी मिळते आणि मग महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेमार्फत निधी खाली येतो. यू-डायसमध्ये 30 सप्टेंबरचा पट धरला जातो. आपल्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या त्यानंतर, दसरा-दिवाळीच्या सुमारास हलतात, म्हणून साखर कारखान्यावर जाणाऱ्या मुलांचीही नोंद त्या तारखेला बिनचूक असली पाहिजे आणि पुढे ती मुले आईवडिलांबरोबर गेली तरी त्यांची नावे पटावरून कमी होता कामा नयेत, याकडे समितीने लक्ष ठेवावे.

याच योजनेतल्या, शाळेच्या रोजच्या खर्चासाठीच्या संयुक्त शाळा अनुदानाच्या सध्याच्या निकषांप्रमाणे 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला 10,000 रुपये आणि त्यापुढे 100 पर्यंत पट असलेल्या शाळेला 25,000 रुपये धरले जातात. त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात, आणि वीजबिल, खडू-फळा, पाणी, किरकोळ दुरुस्ती हे सारे उरलेल्या रकमेतच भागवावे लागते. 28 मुलांच्या आणि 31 मुलांच्या शाळेचे वीजबिल जवळपास सारखेच येते, तरी अनुदानात अडीचपट फरक पडतो. वाड्या-तांड्यांवरच्या लहान शाळांवर हा अन्याय आहे असे माझे स्पष्ट मत आहे. वाचनासाठी या रकमेतून फारसे काही उरेल, अशी अपेक्षा ठेवू नका.

आपल्या कामाचे खर्चाचे शीर्ष आहे ते ग्रंथालय अनुदानाचे. प्राथमिक शाळेसाठी त्याची कमाल मर्यादा वर्षाला 5,000 रुपये आहे, मात्र ते दरवर्षी मिळेलच असे धरून चालता येत नाही. आर्थिक वर्ष संपत आले की निधी येतो, 31 मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो, आणि त्या घाईत विक्रेत्याने तयार ठेवलेला गठ्ठा जसाच्या तसा घेतला जातो. चौथीपर्यंतच्या शाळेच्या कपाटात स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके आणि बारीक टाइपातली तीन-तीनशे पानांची चरित्रे मी पाहिली आहेत. साठा नोंदवहीत सगळी पुस्तके जागेवर असतात, कारण ती कपाटाबाहेर निघालेलीच नसतात.

तिसरीतले मूल जेव्हा ‘घर’ वाचते पण ‘घरात’ला अडखळते, ‘पाणी’ ओळखते पण ‘पाण्याला’ सोडून देते, तेव्हा त्याच्या हातात एका पानावर एक-दोन ओळी, मोठा टाइप आणि ओळीचा अर्थ सांगणारे चित्र असलेले पातळ पुस्तक हवे. अशी पुस्तके नॅशनल बुक ट्रस्टकडे अल्प किमतीत मिळतात. ज्यांना वाचता येऊ लागले आहे त्यांच्यासाठी बालभारतीचे ‘किशोर’ मासिक आहे. तांड्यावरची मुले असतील तर ती घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलतात, म्हणून पुस्तकातले चित्र दाखवून आधी त्यांच्या बोलीत बोलू द्यावे आणि मग मराठी ओळीकडे यावे. तांड्यावरच्या मुलाला वाचता येत नाही असे म्हणतात, तेव्हा पुष्कळदा त्याला तो मराठी शब्दच ठाऊक नसतो.

5 जुलै 2021 रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट असे आहे की, 2026-27 पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे. त्यात पायाभूत स्तरावरील अध्ययन साहित्यासाठी प्रतिविद्यार्थी वर्षाला 500 रुपयांपर्यंत तरतूद आहे. हे बहुधा रोख न येता संच किंवा पुस्तिकांच्या रूपाने येते. आपल्या शाळेसाठी काय आले आणि ते सध्या कुठे आहे, एवढे मुख्याध्यापकांना समितीच्या सभेतच विचारा.

ऊसतोडीच्या गावांत मात्र पुस्तकांच्याही आधी मूल गावात राहणे महत्त्वाचे आहे, आणि त्यासाठी समग्र शिक्षेतूनच हंगामी वसतिगृहाची सोय आहे. बऱ्याच ठिकाणी मुले रात्री आजी-आजोबांकडे झोपतात आणि दोन वेळचे जेवण वसतिगृहातून मिळते. ऑगस्टमध्येच घरोघर जाऊन कोणते मूल मागे राहू शकते याची यादी करा आणि समितीच्या ठरावासह पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे मागणी द्या. टोळी ट्रकमध्ये बसल्यावर केलेल्या मागणीचा काही उपयोग होत नाही. संध्याकाळच्या जेवणाआधीचा एक तास त्या मुलांच्या वाचनासाठी ठेवता येतो, आणि दिवसभर शाळेत बसून जे साधत नाही ते या एका तासात साधताना मी पाहिले आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 22 प्रमाणे शाळा विकास आराखडा तयार करणे हे आपल्याच समितीचे काम आहे. त्यात वाचनाची मागणी मोघम लिहू नका. कोणत्या इयत्तेतल्या किती मुलांना अक्षरे ओळखता येतात, किती जणांना शब्द आणि किती जणांना परिच्छेद वाचता येतो, हे शिक्षकांकडून तपासून घेऊन आकड्यांसह लिहा आणि सोबत पुस्तकांची नावानिशी यादी जोडा. निधी येईल तेव्हा हीच यादी पुढे करता येते आणि विक्रेत्याच्या गठ्ठ्याला नकार देता येतो. हा आराखडा मंजूर करणाऱ्या समितीच्या ठरावाची एक प्रत केंद्रप्रमुखांना आणि दुसरी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) द्या, कारण ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेल्या) निधीतून शाळेसाठी तरतूद मागता येते. त्यासाठी आराखडा ठरवणाऱ्या ग्रामसभेला समितीतल्या आयांनी स्वतः हजर राहून तो विषय इतिवृत्तात लिहून घ्यावा.