वर्दिंग ते ब्रायटन, वारा पाठीशी घेऊन

प्रश्न : आम्ही पती-पत्नी लंडनला राहतो. पन्नाशी उलटली आहे, सायकलची सवय बेताची. एखाद्या शनिवारी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटनहून पश्चिमेला असलेल्या वर्दिंगला सायकलने जाऊन परत यायचे आहे. झेपेल का?

झेपेल. एका बाजूचे अंतर साधारण 18 किलोमीटर आणि वाट जवळजवळ सपाट. पण जाऊन-येऊन करण्यापेक्षा सायकलींसह ट्रेनने आधी वर्दिंग गाठा आणि ब्रायटनकडे या. या किनाऱ्यावर वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो आणि त्याला आडोसा नाही. पूर्वेकडे निघालात तर तो ढकलत नेतो. उलट दिशेला तासाभरातच पाय भरून येतात. आदल्या रात्री हवामान पाहा, वारा पूर्वेचा असेल तर दिशा बदला.

निळ्या पाट्यांवर लाल चौकोनात 2 हा आकडा दिसेल, तो राष्ट्रीय सायकलमार्ग धरा. वर्दिंगच्या पियरपासून (समुद्रात शिरलेल्या धक्क्यापासून) समुद्र उजव्या हाताला ठेवायचा. लान्सिंगला एका बाजूला वाइडवॉटरचे खारे तळे, दुसऱ्या बाजूला समुद्र, अशी वाट आहे. सगळ्या प्रवासातला हा सर्वांत सुंदर तुकडा, तिथे सावकाश जा. पुढे शोरहॅम बीचच्या वस्तीतून एडर नदीवरचा फेरी ब्रिज लागतो. 2013 साली खुला झालेला हा पूल फक्त पादचारी आणि सायकलींसाठी आहे. त्याआधी बंदराच्या तोंडाशी 1857 चा किल्ला आहे, थोडी वाट वाकडी करून जरूर पाहा.

शोरहॅमनंतर वर्दळ वाढते. साउथविकला बंदराच्या लॉकचे, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोटी आत-बाहेर सोडणाऱ्या कप्प्याचे, दरवाजे ओलांडायचे असतात; तिथे उतरून सायकल हातात धरून चाला. बोट येत असेल तर दरवाजे उघडतात आणि थांबावे लागते. कंटाळून ए-259 या हमरस्त्यावर मात्र जाऊ नका, तिथे ट्रक फार. लॉकपलीकडच्या बंदराच्या रस्त्यावरही ते असतात, पण होव्ह लगून या तळ्यापाशी तो रस्ता संपतो आणि तिथून ब्रायटनच्या पॅलेस पियरपर्यंत समुद्रालगत सायकलमार्ग आहे. थांबत थांबत चार तास धरा. दमलात तर लान्सिंग, शोरहॅम, साउथविक, होव्ह, सगळीकडे स्टेशन आहे.

प्रश्न : या किनाऱ्यावर चाक वारंवार पंक्चर होते. का?

ससेक्सचे, म्हणजे ब्रायटन-वर्दिंगच्या परगण्याचे, किनारे चकमकीच्या गोट्यांचे आहेत. वादळात लाटा ते वाटेवर फेकतात आणि फुटलेल्या गोट्याची कड काचेसारखी धारदार असते. 32 मिलिमीटर किंवा त्याहून रुंद, पंक्चररोधक पट्टा असलेला टायर वापरा आणि टायरवर छापलेल्या मर्यादेत हवा पुरेशी भरा. पंक्चर झाले तर नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून फडक्याने चाचपा. रुतलेली कपची राहिली, तर नवी ट्यूबही थोड्याच अंतरावर पंक्चर होते. दोन ट्यूब, टायर लिव्हर (टायर रिमवरून काढायची पट्टी) आणि पंप जवळ हवाच.

प्रश्न : ट्रेनमध्ये सायकल नेता येते का?

शनिवारी येते. कामाच्या दिवशी लंडनच्या गर्दीच्या वेळांत न घडी होणाऱ्या सायकलीला मनाई असते. रुळांचे काम असेल तर ट्रेनऐवजी बस सोडतात आणि तिच्यात अशी सायकल सहसा घेत नाहीत. म्हणून निघण्यापूर्वी वेळापत्रक तपासा.

प्रश्न : परतल्यावर सायकलचे काय करावे?

खारे तुषार साखळीला लवकर गंजवतात. त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने, जोराचा फवारा न मारता, धुवा. साखळी पूर्ण कोरडी करून प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब सोडा आणि वरचे तेल पुसून टाका, नाहीतर त्याला वाळू चिकटते.