अर्ज भरण्याआधी

प्रिय मुली,

परवा मॉडेल कॉलनीतल्या टपरीवर चहा घेताना तू विचारलंस, "डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पात सदस्यत्वाचा अर्ज भरायचाय. पण नोकरी हिंजवडीत, तिथे दिवसभर विंडोज, फोनमध्ये सगळी बंदिस्त ॲप. हे ढोंग नाही का होणार?" मी हसण्यावारी नेलं. घरी आल्यावर चुटपुट लागली, म्हणून हे पत्र.

नाही होणार. तुझा फोन कोणी तपासत नाही. अर्जदाराशी बोलणं होतं ते डेबियनचा सामाजिक करार आणि मुक्त सॉफ्टवेअरचे (म्हणजे कोणीही वापरावं, बदलावं, वाटावं अशा सॉफ्टवेअरचे) निकष यांवर. दोन्ही 1997 सालचे. पाठांतराने काम भागत नाही. उदाहरणार्थ, एखाद्या लायसन्समध्ये 'व्यापारी वापरास मनाई' असं लिहिलं असेल, तर ते पॅकेज, म्हणजे इन्स्टॉल करायला बांधून ठेवलेला तो प्रोग्रॅम, डेबियनच्या मुख्य विभागात का बसत नाही, हे तुला तुझ्या शब्दांत सांगता यायला हवं. ऐकायला ती अट किती सोज्वळ वाटते! पण कोणी कशासाठी वापरावं हे ठरवायचा हक्क लेखकाने स्वतःकडे ठेवला, की सॉफ्टवेअर मुक्त उरत नाही.

करारातलं चौथं कलम मात्र दोनदा वाच. आपलं प्राधान्य कशाला, तर वापरकर्त्यांना आणि मुक्त सॉफ्टवेअरला. दोघांना एकाच ओळीत बसवलंय. ते दोघे भांडले तर काय करायचं, हे तिथे नाही. माझी चूक झाली ती नेमकी इथे.

2011 साली डेबियन 6 आलं. त्यात कर्नलमधलं, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातलं, सगळं बंदिस्त फर्मवेअर (वायफायसारखे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) बाहेर काढलं होतं आणि आमची छाती फुगली होती. (गंमत म्हणजे एवढं करूनही मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या स्टॉलमनसाहेबांच्या संस्थेच्या शिफारसयादीत डेबियन नाही, कारण बंदिस्त पॅकेजांचा वेगळा विभाग आपण ठेवतो.) त्याच सुमारास एका रविवारी एक मुलगा माझ्याकडे लॅपटॉप घेऊन आला. डेबियन इन्स्टॉल झालं, पण वायफाय चालेना. पेन ड्राइव्हवरून फर्मवेअरची एक फाइल टाकली असती तर पाच मिनिटांत काम होतं. मी त्याला 1983 च्या ग्नू या मुक्त सिस्टिमच्या घोषणेपासून व्याख्यान दिलं आणि "पुढच्या वेळी लॅपटॉप बघून घे" असंही वर सुनावलं. बापाने हप्त्यावर घेऊन दिलेला लॅपटॉप होता तो. त्याने मुकाट्याने झाकण मिटलं. परत कधी दिसला नाही.

2022 मध्ये डेबियनने हाच प्रश्न मतदानाला टाकला. मतदान पसंतीक्रमाने होतं. मला दोन वेगळे इन्स्टॉलर हवे होते, एक निव्वळ मुक्त आणि एक फर्मवेअरसह. एकच, फर्मवेअरवाला, ठेवायचा पर्याय जिंकला. त्यासाठी करारात बदल झाला आणि जून 2023 च्या डेबियन 12 मध्ये तो अमलात आला. मी हरलो. दोन दिवस धुसफुसलो, मग मराठी भाषांतराच्या राहिलेल्या ओळी पुऱ्या करायला बसलो. त्या मुलाचं वायफाय आता चाललं असतं, हेही मनात आलंच. आजही मला माझं मत चूक वाटत नाही, आणि निकालही चूक वाटत नाही. याला दुटप्पीपणा म्हणायचं तर म्हण. सदस्य झालीस की असे निकाल तुझ्याही वाट्याला येतील.

आणि "मी कोडिंगमध्ये कच्ची आहे" हे रडगाणं बंद कर. भाषांतर, दस्तऐवज, चित्रं करणाऱ्यांनाही सदस्य करून घ्यायचं, असा ठराव 2010 मध्येच झालाय. मी त्याच दाराने आत आलो. तुला काम हवं असेल तर 'वाऱ्यावर' आणि 'ॲप' हे दोन शब्द वेगवेगळ्या प्रोग्रॅममध्ये टाइप करून बघ. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण यादीत, 2008 साली आलं, तरी कुठे ना कुठे चौकोन दिसेल, कुठे अर्ध्या र चा रफार होऊन डोक्यावर बसलेला दिसेल. बग नोंदव. कुठली आवृत्ती, कुठला फॉन्ट, सगळं लिही. उत्तर आलं नाही तर महिन्याने पुन्हा विचार.

ट्रेकला जातेस ना? गडावरच्या एखाद्या देवळात मुक्काम पडला की रात्री महाराजांवर भरभरून बोलणारे पुष्कळ असतात. सकाळी खिचडीचा करपलेला टोप कोण घासतं, ते ग्रुपला बरोबर लक्षात राहतं. पुढच्या ट्रेकला फोन त्यालाच जातो. तुझी शिफारस करणारा जुना सदस्यही असंच काहीतरी आठवून चार ओळी लिहील. म्हणून अर्जाची घाई नको, सहा महिने घासाघाशी कर.

रविवारी ये. जीपीजी कीचा (तुझ्या डिजिटल ओळखीच्या किल्लीचा) फिंगरप्रिंट, म्हणजे तिचा ओळखक्रमांक, कागदावर छापून आण, आणि पासपोर्ट विसरू नकोस. तुला शाळेपासून ओळखतो हे खरं, पण पासपोर्ट बघितल्याशिवाय मी तुझ्या कीवर सही करणार नाही.

तुझा,
काका