विषमता समजून घ्यायचीय? मग आधी समाजाची रचना बघ

अरे, पहिली चूक सगळेच करतात, मीपण केली, की गरिबी दिसली रे दिसली की "कष्ट कमी पडले असतील" म्हणून मोकळं व्हायचं. समज दोन मुली आहेत, मार्क सेम, पण एकीला अभ्यासाला स्वतःची खोली आणि दुसरी शाळेतून आली की धाकट्याला सांभाळणार, तो झोपला की मग कुठे पुस्तक उघडणार, तर त्या सेम मार्कांमागची मेहनत सेम आहे का? इथे जरा रेंगाळ, घाई करू नको.

कार्ल मार्क्समुळे जमीन-कारखान्यांची मालकी कोणाकडे हे विचारायची सवय लागते, पण तिथेच अडकू नको, समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने वर्गाच्या (म्हणजे आर्थिक स्थानाच्या) जोडीला प्रतिष्ठा आणि सत्ता वेगळी काढली, म्हणून तर पैसा असूनही काहींना मान का मिळत नाही ते कळतं. मला स्वतःला फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बोर्द्यूचं सांस्कृतिक भांडवल सगळ्यात जास्त कामाला आलं: इंटरव्ह्यूत कसं बसायचं, कुठल्या टोनमध्ये बोलायचं हे घरातूनच फुकट मिळालेलं असतं आणि समोरचा त्यालाच टॅलेंट म्हणतो! डेव्हिस आणि मूर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांचं 1945 चं म्हणणं, की महत्त्वाच्या कामाला लायक माणूस यावा म्हणून मोबदला जास्त, तेही वाच (पटलं नाही तरी), आणि लगेच त्यावरची 1953 ची समाजशास्त्रज्ञ ट्यूमिनची हरकत बघ, की संधीच अडवलेली असेल तर लायकी दिसणार कशी.

विषमता मोजायला वापरतात तो गिनीचा आकडा, 0 म्हणजे पूर्ण समान आणि 1 म्हणजे सगळं एकाकडे, तो उत्पन्नाचा आहे की संपत्तीचा हे आधी तपास, संपत्तीची दरी बहुतेक वेळा जास्त रुंद निघते.