गाणं वजा गायक

मागच्या अंकात जमैकाच्या रेगे संगीताच्या पायाभरणीवर लिहिताना मी ध्वनिमिश्रण करणाऱ्या किंग टबीचं नाव गायक बॉब मार्लीच्या बरोबरीने घेतलं आणि पत्रांचा ढीग पडला. त्यातल्या चार प्रश्नांना उत्तरं देतो.

प्रश्न : टबी गात नव्हता, वाजवत नव्हता, त्याने गाणी लिहिली नाहीत. तरी तुम्ही त्याला मार्लीशेजारी बसवता. हे जरा जास्तच होत नाही का?

उत्तर : लिहिलं ते मागे घेत नाही. सगळी हयात मिक्सिंगच्या टेबलामागे काढलेल्या माणसाचा कल टबीकडे असणारच, तेवढं समजून घ्या. पण मार्लीने जगाला गाणी दिली, टबीने गाणं हाताळायची रीत दिली. ती रीत आता इतकी सर्रास झालीय की ती कुणीतरी सुरू केली असेल, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

टबी म्हणजे ऑस्बर्न रडॉक. जन्म १९४१चा, जमैकाची राजधानी किंग्स्टनचा. पोटापाण्याचा धंदा रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्तीचा. ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंगसुद्धा घरीच करायचा. त्या काळी किंग्स्टनमध्ये लोक नाचायचे ते साउंड सिस्टिमवर. मोकळ्या आवारात माणसाच्या उंचीचे स्पीकर रचायचे, रेकॉर्ड लावायच्या, आणि ज्याचा बेस छातीत धडकेल त्याच्याकडे गर्दी. पुढे टबीने स्वतःची साउंड सिस्टिम उभी केली, ‘होमटाउन हाय-फाय’. तिचा आवाज शहरात सर्वांत स्वच्छ, असं तिथले जुने लोक सांगतात.

साठचं दशक संपता संपता तो ड्यूक रीड या निर्मात्याच्या स्टुडिओत तबकड्या कापायचं, म्हणजे मुद्रित गाणं रेकॉर्डवर कोरायचं काम करत होता. त्याच स्टुडिओतला एक किस्सा जमैकाच्या संगीतात वारंवार सांगितला जातो. रडी रेडवुड नावाच्या साउंड सिस्टिमवाल्यासाठी तबकडी कापताना गायकाचा ट्रॅक लावायचाच राहिला. रेडवुडने ती तशीच नाचाच्या ठिकाणी वाजवली, आणि मोकळ्या चालीवर गर्दीच गायला लागली. तिथून रेकॉर्डच्या मागच्या बाजूला गायकाविना तेच गाणं छापायची प्रथा पडली. त्याला ‘व्हर्जन’ म्हणत. निर्मात्यांना ते परवडायचंही, कारण दुसऱ्या बाजूसाठी वादकांना नव्याने पैसे मोजावे लागत नसत.

आता टबीकडे या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने डायनॅमिक साउंड्स या मोठ्या स्टुडिओतून निघालेलं चार ट्रॅकचं जुनं मिक्सिंग कन्सोल घेतलं आणि वॉटरहाउस वस्तीत ड्रॉमिली अव्हेन्यूवरच्या आपल्या घरी बसवलं. घर छोटं. बँड बसवायला जागाच नाही. गायकाचा आवाज घ्यायचा तर न्हाणीघरात उभं करायचं. म्हणजे दुसरीकडे मुद्रित झालेल्या टेप घेऊन ये आणि त्यांवर काय करायचं ते कर, एवढंच हातात. मुद्रित गाणं मिक्सिंगच्या टेबलावर तोडून-जोडून नव्याने मांडायचं, म्हणजे डब. माझ्या मते त्याचा जन्म या अडचणीत आहे. टबीला मोठा स्टुडिओ मिळाला असता तर तो कदाचित इतरांसारखाच बँड मुद्रित करत बसला असता.

एका ट्रॅकवर ड्रम, दुसऱ्यावर बेस, तिसऱ्यावर गिटार आणि ऑर्गन, चौथ्यावर आवाज. चार फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या खुंट्या. गायक एक ओळ सुरू करतो, टबी फेडर खाली ओढतो. शेवटचा शब्द इकोमध्ये अडकून फिरत राहतो आणि खाली उरतात ड्रम आणि बेस. मग गिटारचा एकच ठोका वर, पुन्हा गायब. कन्सोलवर खालचे सूर गाळणाऱ्या फिल्टरचं एक मोठं बटण होतं. टप्प्याटप्प्याने ते फिरवलं की अख्खा ताल पातळ होत नुसती सळसळ उरायची, आणि परत आणलं की बेस अंगावर यायचा. स्प्रिंगच्या रिव्हर्बची, म्हणजे आवाजाला घुमारा देणारी पेटी तो चक्क ठोकायचा. त्यातून वीज कडाडल्यासारखा आवाज निघे. हे सगळं टेप चालू असताना, एका दमात. फेरा चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून एकाच गाण्याचे त्याने केलेले दोन डब कधी सारखे नसतात. मी याला वादनच म्हणतो.

नाचगाण्याच्या कुठल्याही ट्रॅकमध्ये आज सगळं थांबून मग बेस कोसळतो, त्यामागे टबीच्या घरातली ही खोली आहे. एका गाण्याच्या दहा आवृत्त्या निघतात, त्यामागेही. इंग्लंडमध्ये तर घराणंच तयार झालं: मॅड प्रोफेसर या डबवाल्याने १९९५ साली मॅसिव्ह अटॅक या बँडचा अख्खा अल्बम डबमध्ये नव्याने मांडला आणि पुढे दक्षिण लंडनमधून डबस्टेप हा नाचाच्या संगीताचा प्रकार आला. नावातच डब आहे, आणखी पुरावा कशाला?

प्रश्न : दुसऱ्याच्या गाण्यातून दुसऱ्यालाच वजा करायचं, याला कला म्हणायचं की हातचलाखी? मूळ गायक-वादकांच्या पदरात काय पडलं?

उत्तर : फार काही नाही, हे खरं. वादकांना मुद्रणाच्या दिवशी ठरलेली रक्कम मिळायची आणि विषय संपायचा. मग तोच ताल पाच जणांच्या गाण्याखाली वाजो की पन्नास. जमैकात बराच काळ ब्रिटिश अमलातला जुना हक्ककायदा चालला. स्वतःचा कॉपीराइट कायदा यायला १९९३ उजाडलं. टेपची मालकी निर्मात्याची, मिक्स करणाऱ्या टबीला त्याची मजुरी. या बाबतीत डबची गोडी गाताना मलाही थोडं अडखळायला होतं.

पण कलेचा प्रश्न वेगळा. गायक काढल्यामुळे मोकळी झालेली जागा रिकामी राहिली नाही. टबीच्या साउंड सिस्टिमवर यू-रॉय माइक घेऊन त्या जागेत बोलायचा, हाकाटी करायचा, गर्दीला चेतवायचा. १९७० साली ड्यूक रीडने त्याच्या अशा रेकॉर्ड काढल्या आणि जमैकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत वरच्या तिन्ही जागा यू-रॉयच्याच होत्या. शिवाय अल्बमच्या नावातच मिक्सिंग करणाऱ्याचं नाव, आणि लोक त्या नावावर रेकॉर्ड घेतात, हे टबीआधी मला तरी माहीत नाही.

शागीर्दांचंही सांगायला हवं. हातचलाखी शिष्य तयार करत नाही. लॉइड जेम्स, म्हणजे प्रिन्स जॅमी, टबीच्या हाताखाली घडला. १९८५ साली त्याने कॅसिओच्या छोट्या कीबोर्डमधल्या तयार तालावर वेन स्मिथकडून ‘अंडर मी स्लेंग टेंग’ गाऊन घेतलं आणि जमैकाचं संगीत रातोरात डिजिटल झालं. सायंटिस्ट नावाने गाजलेला दुसरा शागीर्द तर पहिल्यांदा टबीकडे ट्रान्सफॉर्मरसाठी येत असे! टबीने स्वतःही नवा डिजिटल स्टुडिओ उभारला होता. ६ फेब्रुवारी १९८९ रोजी घरासमोर गोळी घालून त्याचा खून झाला. तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता.

प्रश्न : हिप-हॉपही टबीमुळेच आलं, असं एका मित्राने छातीठोक सांगितलं. खरं का?

उत्तर : मित्राला थोडं आवरा. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ११ ऑगस्ट १९७३च्या पार्टीत रेकॉर्ड वाजवणारा कूल हर्क मूळचा किंग्स्टनचाच. पण त्याने १९६७ साली, बारा वर्षांचा असताना जमैका सोडलं. टबीचे डब तेव्हा यायचेच होते. हर्क सोबत घेऊन गेला ती साउंड सिस्टिमची आठवण, मोठे स्पीकर आणि माइकवरची बोलाचाली. डब आणि हिप-हॉप ही चुलत भावंडं आहेत. बापलेक नव्हेत.

प्रश्न : एकच काही ऐकायचं तर काय ऐकू?

उत्तर : एक नव्हे, जोडी ऐका. आधी जेकब मिलरचं ‘बेबी आय लव्ह यू सो’, दोनदा, चाल तोंडात बसेपर्यंत. मग लगेच त्याचाच डब, ‘किंग टबी मीट्स रॉकर्स अपटाउन’. निर्माता ऑगस्टस पाब्लो. फुंकून वाजवायच्या मेलोडिकाचे उदास सूर त्याचेच. मिलरच्या आवाजाचे तुकडे कुठे येतात आणि कुठे तोडले जातात ते पाहा, आणि कार्ल्टन बॅरेटच्या ड्रमवर इको पडतो तेव्हा ताल दुप्पट झाल्याचा भास कसा होतो तेही. एक अट : मोबाइलच्या स्पीकरवर नको. त्यात बेस येतच नाही आणि मग ‘यात आहे काय?’ असं पत्र मला येतं. बरा हेडफोन घ्या, किंवा शेजाऱ्यांशी संबंध चांगले असतील तर मोठे स्पीकर.