कोरोनाच्या टाळेबंदीनंतर (२०२०) दाताचा दवाखाना पुन्हा उघडताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अडीच महिन्यांनी दवाखाना उघडतोय. खोली १० बाय १२ फूट, उंची १० फूट, एक खिडकी, स्प्लिट एसी. फॉगिंग मशीन (जंतुनाशकाचे धुके सोडणारे यंत्र) घ्यावे का? दोन पेशंटमध्ये किती वेळ सोडावा? (दंतवैद्य, निपाणी)

मशीनचे पैसे आधी एक्झॉस्ट फॅनवर घाला. एअरोटर (दात कोरायचे वेगवान यंत्र) आणि अल्ट्रासॉनिक स्केलर (दातांवरचे कीट काढायचे यंत्र) पाण्याबरोबर लाळही उडवतात. मोठे थेंब लगेच खाली बसतात, बारीक कण तरंगत राहतात. फॉगिंगने ती हवा खोलीबाहेर जात नाही, आणि स्प्लिट एसी तीच हवा फिरवत राहतो.

तुमची खोली १,२०० घनफुटांची. तासाला १२ वेळा हवा बदलायची तर ताशी १४,४०० घनफूट, म्हणजे साधारण ४१० घनमीटर हवा बाहेर पडली पाहिजे. पंख्याच्या खोक्यावर हा आकडा छापलेला असतो. जाळी-शटर लावले की तो प्रत्यक्षात घटतो, म्हणून एक माप मोठा घ्या. इतकी हवा बदलली तर ९९ टक्के कण जायला सुमारे २३ मिनिटे लागतात, ९९.९ टक्क्यांना ३५. पंखा निम्म्या ताकदीचा असेल तर ४६ आणि ६९ मिनिटे. हा हिशेब हवा खोलीभर सारखी मिसळते असे धरून केलेला असतो. कोपऱ्यात ती कोंडून राहते, म्हणून दोन पेशंटमधली ही मिनिटे कमी करू नका, थोडी वाढवाच.

नेहमी चुकते ती पंख्याची जागा. उघड्या खिडकीशेजारीच पंखा बसवला तर खिडकीतून आलेली हवा तिथूनच परत जाते, चेअरजवळची हलतही नाही. पंखा पेशंटच्या डोक्याच्या बाजूला आणि हवा आत यायची वाट समोरच्या बाजूने, अशी रचना हवी. चेअरजवळ उदबत्ती धरून धूर कुठे जातो ते पाहा. दुसरी अडचण आपल्याकडच्या पावसाची. खिडकी लावून घेतली की पंख्याला ओढायला हवाच उरत नाही, तो नुसता फिरतो. दाराला खाली जाळी बसवा.

मुळात फवाराच कमी उडाला तर निम्मे काम होते. रबर डॅम (दाताभोवती ताणायचा रबरी पडदा) लावा, मोठ्या ताकदीच्या सक्शनची नळी दाताला लागून धरा, कीट हाताच्या स्केलरने काढा. थ्री-वे सिरिंजमधून (हवा-पाणी मारायची नळी) हवा आणि पाणी एकदम सोडू नका. सुरुवातीला १ टक्का हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा ०.२ टक्का पोव्हिडोन आयोडीनची चूळ भरायला द्या. आयोडीनची अ‍ॅलर्जी आणि थायरॉइडचा त्रास आधी विचारा. चूळ भरली म्हणून एन-९५ मास्क आणि फेस शील्ड सोडायचे नाही.

प्रश्न : चेअरच्या पाण्याला वास येतो. (दंतवैद्य, चिकोडी)

बंद काळात नळ्यांत साचलेल्या पाण्यात जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. नुसते पाणी सोडून तो जात नाही. हँडपीस (नळीच्या टोकाचे हातात धरायचे यंत्र) काढा, चेअरची पाण्याची बाटली रिकामी करा आणि चेअर-कंपनीने सांगितलेले जंतुनाशक सांगितलेल्या वेळेपर्यंत नळ्यांत ठेवा. मग भरपूर पाण्याने नळ्या धुवा. मनाने ब्लीच ओतलेत तर आतल्या धातूच्या भागांना गंज चढतो. त्यानंतर रोज सकाळी प्रत्येक नळी २ मिनिटे, दर पेशंटनंतर २० ते ३० सेकंद सोडा. कंप्रेसरच्या टाकीत साचलेले पाणीही काढा. ऑटोक्लेव्हला (वाफेने हत्यारे निर्जंतुक करायचे यंत्र) बोअरचे पाणी घालू नका, क्षार धरतात; डिस्टिल्ड वापरा.

प्रश्न : पुसायच्या पाण्यात हायपोक्लोराइट (जंतुनाशक) किती घालायचे? (दवाखान्यातील सहायक, शहापूर, बेळगाव)

डब्यावर ५ टक्के लिहिले असेल तर १ भाग औषधाला ४ भाग पाणी, म्हणजे १ टक्का होते. रोज ताजे करा. उजेडात आणि उष्णतेत त्याची ताकद जाते. आधी साबणाच्या पाण्याने पुसा, कारण लाळ-रक्ताच्या डागावर ते निकामी होते. मग ओल्या फडक्याने लावून १० मिनिटे ओले ठेवा. अ‍ॅसिड किंवा स्पिरिट त्यात कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो. आरसा, प्रोब, चिमटे त्यात बुडवू नका. ते धुऊन ऑटोक्लेव्हमध्ये टाका.

प्रश्न : दाढ दुखते, गालही सुजलाय. दवाखान्यात जायची भीती वाटते. (वाचक, खानापूर)

आधी फोन करा. ताप, खोकला किंवा घरात कोणी आजारी असेल तर तसे सांगा आणि वेळ ठरवून एकटेच जा. पण सूज मानेकडे किंवा डोळ्याकडे पसरत असेल, तोंड उघडत नसेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर फोनवर थांबू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जा. गालावर शेक देऊ नका आणि दुखणाऱ्या जागी अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून धरू नका, हिरडी भाजते.