पहिले पिस्तूल घेण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले. नेमबाजी सुरू करून तीनच महिने झाले आहेत, तरी बाबा स्वतःचे एअर पिस्तूल घेऊन द्यायला तयार आहेत आणि ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या हातात होते तसेच आपल्याला हवे, असे तू लिहितेस. तुझी ओढ मला मनापासून आवडली. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की, आणखी निदान सहा महिने तू क्लबच्या पिस्तुलावरच सराव करावास. कोणते पिस्तूल आपले, हे शेवटी हात सांगतो, आणि तुझा हात अजून बसायचा आहे.

पिस्तूल पाहताना बहुतेक जण आधी नळी आणि कंपनीचे नाव पाहतात. तू आधी ग्रिप, म्हणजे हातात धरायची मूठ, पाहा. स्पर्धेच्या पिस्तुलाची लाकडी ग्रिप डाव्या-उजव्या हातासाठी वेगळी आणि निरनिराळ्या मापांत मिळते. ती पारखण्याची एक साधी रीत सांगतो. रिकामे पिस्तूल हातात नीट बसवून लक्ष्याकडे उचल, डोळे मीट, दोन श्वास घे आणि डोळे उघड. पुढची साईट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, मागच्या खाचेच्या मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड ठेवून उभी असेल, तर ग्रिप तुझ्या हाताची आहे. ती दरवेळी एकाच बाजूला कललेली दिसत असेल, तर तू मनगट वळवून ती सरळ करू लागशील, आणि साठाव्या नेमापर्यंत ते मनगट तुझे ऐकणार नाही.

माझ्याकडून ही चूक झाली होती. पहिले पिस्तूल मी एका ओळखीच्या नेमबाजाकडून जुने घेतले. ग्रिप माझ्या हाताला एक माप मोठी होती, पण वस्तू इतकी देखणी की मी तिकडे काणाडोळा केला. तर्जनीचे जेमतेम टोक ट्रिगरपर्यंत पोहोचायचे, त्यामुळे ट्रिगर सरळ मागे न येता तिरका दाबला जाई आणि छर्रे डावीकडे सरकत. मी वर्षभर साईटचे स्क्रू फिरवत राहिलो. अखेर माझ्या प्रशिक्षकांनी ग्रिपच्या तळहाताकडच्या पोकळीत वुड फिलर, म्हणजे लाकडात भरायचा लगदा, भरला, तो वाळल्यावर पॉलिश पेपरने घासला, ट्रिगरची पट्टी थोडी मागे घेतली, आणि त्याच आठवड्यात छर्रे मध्यावर एकवटू लागले. म्हणून ट्रिगर पुढे-मागे सरकवता येतो का आणि तळहाताखालचा आधार वर-खाली होतो का, हे दोन प्रश्न किमतीच्या आधी विचार.

आपल्या १० मीटरच्या प्रकारात लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटरचे, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढे असते. एका हाताने, आधाराशिवाय, ७५ मिनिटांत ६० छर्रे सोडायचे, आणि नेम जमला नाही की हात खाली घेऊन पुन्हा उचलायचा. त्यामुळे प्रत्यक्षात हात साठाहून कितीतरी अधिक वेळा उचलला जातो. नियमाने पिस्तूल १,५०० ग्रॅमपर्यंत चालते, पण बहुतेक चांगली पिस्तुले एक किलोच्या आसपास असतात आणि तुझ्या खांद्याला तेवढे पुरे आहे. ट्रिगरचा दाब मात्र ५०० ग्रॅमपेक्षा कमी चालत नाही. स्पर्धेआधी नळी उभी धरून, ट्रिगरला वजन लावून तो तपासतात. म्हणून दाब काठावर न ठेवता दहा-वीस ग्रॅम वरच ठेवावा.

स्प्रिंगचे स्वस्त पिस्तूल घेऊ नकोस. प्रत्येक छऱ्यासाठी ते जोर लावून ताणावे लागते, ते सुटताना हादरते, आणि चूक तुझी की यंत्राची हे कळेनासे होते. दाबाखालच्या हवेच्या सिलिंडरचे पिस्तूल जुने मिळाले तरी चालेल, पण सिलिंडरवर कोरलेली तारीख स्वतःच्या डोळ्यांनी वाच. बहुतेक उत्पादक दहा वर्षांची मुदत देतात आणि मुदत संपलेल्या सिलिंडरमध्ये २०० बारची हवा भरणे जिवाशी खेळ आहे. भरलेले सिलिंडर रात्रभर पिस्तुलाला लावून ठेव. सकाळी मापकाचा काटा उतरलेला दिसला, तर हवा अडवणाऱ्या आतल्या ओ-रिंगा, म्हणजे रबरी कड्या, झिजल्या आहेत असे समज.

ट्रिगर इलेक्ट्रॉनिक असावा की यांत्रिक, यावर नेमबाजांत पुष्कळ वाद होतात. तुला मी यांत्रिक सुचवीन, कारण तो जवळपास दुरुस्त होण्याची शक्यता अधिक. टोकियोत २०२१ साली ऐन पात्रता फेरीत मनूचेच पिस्तूल बिघडले, मोलाची मिनिटे गेली आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. पुढे २०२४ साली पॅरिसमध्ये तिने दोन कांस्यपदके जिंकली. तेव्हा हे पिस्तूल बिघडले तर कोण उघडेल आणि सुटे भाग कुठून येतील, हे विक्रेत्याला पैसे देण्याआधी विचार. पावती आणि ओळखपत्राची प्रत जपून ठेव. आपल्याकडे ४.५ मिलिमीटर छऱ्याच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या ताकदीच्या एअर पिस्तुलाला शस्त्रपरवाना लागत नाही, पण घरी ते रिकामे, कुलपात आणि धाकट्या भावाच्या हाताबाहेरच राहिले पाहिजे. यात मी कसलीही सवलत देणार नाही.

छऱ्यांची निवड पिस्तूल ठरल्यावर करू; सपाट तोंडाचे कोणतेही चांगले छर्रे तोवर पुरतील.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता रेंजवर ये. हाताला क्रीम लावून येऊ नकोस. मी लहान आणि मध्यम अशा दोन ग्रिप घेऊन येतो. दोन्हींवर डोळे मिटून वीस-वीस वेळा हात उचल, आणि प्रत्येक वेळी साईट कुठे दिसली ते वहीत लिही. बाबांनाही सोबत आण.

तुझा,
काका