मेर्योंचं पॅरिस बघताना सुरुवात कुठून कराल

छापचित्रं बघायला शिकताना पहिलंच म्हणून एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच चित्रकार शार्ल मेर्यों याचं 'ल स्ट्रिज' (१८५३) निवडलंत, फार छान. अर्थ शोधायची घाई मात्र नको. आधी दहा मिनिटं नुसतं बघा. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चच्या उंच कठड्यावर पंखवाला दगडी राक्षस हातांवर हनुवटी टेकून बसलाय, जीभ बाहेर. खाली घरांची दाटी, हवेत कावळे, आणि छपरांतून वर निघालेला एकटा साँ-जाक मनोरा.

इथे नवखे हमखास दोन ठिकाणी चुकतात.

- राक्षसाला मध्ययुगीन समजतात. तो एकोणिसाव्या शतकातल्या डागडुजीत बसवलेला. मेर्योंनं काढला तेव्हा अगदी अलीकडचा होता. तो गार्गॉयलही नव्हे. गार्गॉयलच्या तोंडातून पावसाचं पाणी पडतं, हा नुसता शहर न्याहाळतो.
- मनोरा म्हणजे श्रद्धा, कावळा म्हणजे मृत्यू, अशी यादी करतात. त्यापेक्षा त्या वास्तूचं पुढे काय झालं ते विचारा. साँ-जाकचं चर्च फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात पाडलं, मनोरा तेवढा उरला. १८५३ मध्येच ओस्मान पॅरिस ज्यात येतं त्या सेन विभागाचा प्रीफेक्ट (सरकारनं नेमलेला प्रशासक) झाला आणि जुन्या वस्त्यांवर कुदळ जोरात चालू लागली. हे ठाऊक झाल्यापासून तो मनोरा बघताना मला दरवेळी गलबलून येतं.

मेर्यों रंगांध होता, त्यामुळे जे सांगायचं ते त्यानं रेषांतच सांगितलं. भिंग घ्या आणि काळोख कुठे दाटलाय ते बघा. कागद, छपाईच्या अवस्था (एकाच चित्राचे बदलत गेलेले छाप), किमती यांत आत्ताच शिरू नका.